राउटर बदलल्यावर घरातील उपकरणे पुन्हा जोडताना

जुन्या पनवेलमधील आमच्या आळीत अनेक घरांत वृद्ध आईवडीलच राहतात. मुले नोकरीनिमित्त आखातात वा त्याहून दूर. शेजारच्या आजींकडे तांब्याच्या तारेऐवजी फायबरची जोडणी आली. तंत्रज्ञाने नवा राउटर भिंतीवर बसवला, मोबाईल चालू करून दिला आणि तो निघून गेला. सायंकाळी दुबईहून मुलाचा फोन आला, "आई, दारावरचा कॅमेरा बंद का केलास?" आजींनी काहीच केले नव्हते. कॅमेरा चालूच होता; मात्र तो जुन्या राउटरच्या नावाचा शोध घेत होता.

प्रत्येक उपकरण नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड एवढेच लक्षात ठेवते; राउटरची पेटी कोणती, याच्याशी त्यास कर्तव्य नसते. म्हणून जुनी पेटी निघण्यापूर्वीच ही दोन्ही कागदावर उतरवून घ्यावीत. नव्या राउटरच्या मागील पट्टीवर छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ यासारखा) मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकून तेच नाव व पासवर्ड तेथे भरावेत. इंग्रजी अक्षरांचा लहानमोठेपणा आणि मधली रिकामी जागासुद्धा तंतोतंत जुळली पाहिजे. असे केल्यास बहुतेक उपकरणे आपोआप परततात. जुना पासवर्ड घरच्या दूरध्वनीचा क्रमांकच असेल, तर मात्र तासभर खपून तो बदललेला बरा, असे आमचे मत आहे.

आजींच्या घरी टीव्ही व मोबाईल लगेच जोडले गेले, कॅमेरा काही येईना. शोध घेता कारण सापडले. २०१८ साली जाहीर झालेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती नव्या राउटरवर एकटीच निवडलेली होती आणि जुना कॅमेरा केवळ डब्ल्यूपीए-२ जाणत होता. दोन्ही पद्धती चालतील असा मिश्र पर्याय निवडताच दार पुन्हा दुबईला दिसू लागले.

दुसरी अडचण लहरींच्या पट्ट्याची. स्वस्त कॅमेरे, दिवे व प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच ओळखतात. भारतात तो कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. वेग कमी, पण जाड भिंतींपलीकडे तो ५ गिगाहर्ट्झपेक्षा चांगला पोहोचतो. हा पट्टा राउटरवर सुरू आहे ना, हे पाहावे. असे उपकरण नव्याने जोडताना अडले, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तेवढ्यापुरता बंद ठेवावा.

प्रिंटरची तऱ्हा निराळी. तो नेटवर्कला जोडला गेला तरी संगणक त्यास जुन्याच पत्त्यावर शोधतो, कारण नवा राउटर पत्ते नव्याने वाटतो. संगणकातून प्रिंटर काढून पुन्हा जोडावा. प्रिंटरला पूर्वी कोणी कायमचा पत्ता दिला असेल, तर तो रद्द करून आपोआप पत्ता घेण्याची सोय निवडावी.

जुना राउटर भंगारात वा दुसऱ्यास देण्यापूर्वी त्याच्या मागील छोट्या छिद्रातील बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. अन्यथा घराचा पासवर्ड त्या पेटीबरोबरच बाहेर जाईल.