योग्या : हात घडविण्याची विद्या

भाषेच्या एका निवृत्त अध्यापकाने वैद्यकीय शिक्षणावर बोलावे, याचे श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. परंतु या विषयाचे मूळ एका शब्दात आहे, म्हणून हे धाडस करतो. तो शब्द म्हणजे ‘योग्या’.

मराठीत ‘योग्य’ म्हणजे लायक. प्राचीन शल्यतंत्रात ‘योग्या’ म्हणजे हाताचा सराव. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. शिष्याचे शास्त्र कितीही पाठ असो, योग्या केल्यावाचून तो शस्त्र धरण्यास लायक ठरत नाही, ही त्यातील भूमिका. मग हात कशावर बसवावा? छेद घेण्यासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ. शिवण्यासाठी कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडा. पट्टी बांधण्यासाठी वस्त्रादिकांचा केलेला मनुष्याकृती पुतळा. या यादीत पशूंचे अवयव आहेत, पण ते मृत पशूंचे, हे आपण लक्षात घ्यावे.

विसाव्या शतकात मात्र आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत बेडकाच्या स्नायूवर आणि कुत्र्याच्या रक्तदाबावर प्रयोग दाखविण्याचा प्रघात रुळला. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संशोधनात उत्तर अज्ञात असते. त्यासाठी प्राणी वापरावा की नाही, हा निराळा आणि अवघड वाद आहे. वर्गातील प्रयोगाचे उत्तर मात्र पुस्तकात आधीच छापलेले असते. ठाऊक असलेल्या उत्तरासाठी दरवर्षी नवा जीव घेणे, हा खरा नैतिक प्रश्न होय.

आपल्या कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चालविलेल्या प्रयत्नांमागून आलेल्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे सतरावे कलम सांगते की, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल, तर वैद्यकीय शाळांतून प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रिसस्सी ॲन’ ही बाहुली बाजारात आणली. सुश्रुताच्या पुतळ्याचीच ही दूरची नात!

पुढे पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत डॉ. रवींद्रन यांनी ‘एक्सफार्म’ ही संगणक-प्रणाली तयार केली. तिच्यामुळे औषधांचे परिणाम पडद्यावर पाहता येऊ लागले. २००१ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने अपघाती जखमींवरील उपचारांच्या प्रशिक्षणासाठी ‘ट्रॉमामॅन’ या कृत्रिम धडाला मान्यता दिली. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमाने संगणकीय प्रात्यक्षिके आणि कौशल्य-प्रयोगशाळा यांना रीतसर स्थान दिले.

हे पर्याय केवळ दयेपोटी आलेले नाहीत. प्रतिकृतीची रचना माणसाच्या देहाची असते, कुत्र्याची वा डुकराची नव्हे. तिच्यावर चूक करता येते, आणि तीच कृती शंभर वेळा करता येते. तथापि त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जिवंत ऊतकाचा ताण आणि अनपेक्षित रक्तस्राव रबरात पुरतेपणी उतरत नाही. म्हणून आधी प्रतिकृती, मग देहदानातून लाभलेला मृतदेह, आणि शेवटी गुरूच्या देखरेखीखाली रुग्ण, ही चढण सोडता येणार नाही. महागड्या यंत्रांची अडचण असेल, तेथे भोपळा आणि कापड आजही स्वस्त आहेत.

आता मूळ शब्दाकडे वळू. हात घडतो, त्याच वेळी मनही घडत असते. ज्या तरुणाला पहिल्याच वर्षी तडफडणाऱ्या जिवाकडे ‘साधन’ म्हणून पाहण्याची सवय लागते, त्याच्या हाती उद्या आपण आपली लेकरे सोपविणार आहोत. या शाळेतूनही कोणी त्या वाटेने जाईल. त्याचा हात धीट व्हावा, पण मन निबर होऊ नये. तेव्हाच तो खऱ्या अर्थाने ‘योग्य’ ठरेल.