परदेश म्हणजे कोझिकोड

वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेच्या एखाद्या पोरीने 'मले परदेशात खेळाचं हाय' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडन येईल, फार तर अमेरिका. युगांडाच्या फुटबॉलपटू फाझिला इक्वापुटसाठी परदेश म्हणजे केरळातलं कोझिकोड. गोकुलम केरळा संघाकडून खेळताना तिने इंडियन विमेन्स लीगच्या 2024-25 च्या मोसमात 24 गोल ठोकले. आठ संघ, प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने. त्यात तिच्याइतके गोल दुसऱ्या कोणीच केले नाहीत. तरीही विजेतेपद नेलं कोलकात्याच्या ईस्ट बंगालने, गोकुलम दुसरा आला. मग पुढच्या मोसमासाठी ईस्ट बंगालने फाझिलालाच आपल्याकडे ओढलं. चांदूरच्या स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या हावड्याच्या गाड्या ज्या शहराच्या वेशीवर थांबतात, तिथे ही बाई गोल करू लागली.

आफ्रिकेतल्या स्ट्रायकर मुलींची कारकीर्द कशी चालते, हे तिच्या प्रवासावरून नीट कळतं. फाझिला 2018 मध्येच गोकुलमसाठी भारतात येऊन गेली होती. नंतर कझाकस्तानातल्या बीआयआयके या क्लबकडे गेली. कझाकस्तान कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याचं उत्तर साधं आहे. हा क्लब तिथली लीग वारंवार जिंकतो आणि त्या जोरावर युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत उतरतो. तिथे गोल केला की मोठ्या क्लबांच्या नजरेत येता येतं. झांबियाची रॅचेल कुंदनांजी याच क्लबातून स्पेनला पोचली. आधी एइबार, मग माद्रिद सीएफएफ. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या बे एफसीने तिच्यासाठी 7 लाख 35 हजार युरो मोजले, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास. त्या दिवशी ती महिला फुटबॉलमधली जगातली सर्वांत महाग खेळाडू ठरली. हा विक्रम तोवर आफ्रिकेच्या कोणाच्याही नावावर नव्हता, पुरुषांच्याही नाही.

रक्कम ऐकून भुवया उंचावल्या असतील, तर 2017 मध्ये फुटबॉलपटू नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने दिलेले 22 कोटी 20 लाख युरो आठवावेत. एका नेमारच्या पैशांत तीनशे कुंदनांजी आल्या असत्या. शिवाय हे पैसे खेळाडूच्या हाती पडत नाहीत, ते जुन्या क्लबला मिळतात. खेळाडू कराराच्या मधेच निघाली तर तिला सोडण्याची ही किंमत असते. महिला फुटबॉलमध्ये करार बहुतेक वर्षा-दोन वर्षांचे. करार संपला की ती मोकळी, आणि मोकळ्या खेळाडूसाठी कोणी छदामही मोजत नाही. त्यामुळे डझनभर देश फिरूनही जिच्यासाठी एकदाही असा पैसा मोजला गेला नाही, अशा खेळाडू पुष्कळ आहेत.

पण घर सोडायचंच कशाला? नायजेरियाचा महिला संघ 2016 मध्ये आफ्रिकेचा विजेता झाला आणि मायदेशी परतून अबुजाच्या हॉटेलात ठाण मांडून बसला. थकलेला बोनस हातात पडल्याशिवाय खोल्या सोडणार नाही, असं मुलींनी सांगून टाकलं. विजेत्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलावं! त्याच संघातली असिसात ओशोआला तोवर लिव्हरपूल आणि आर्सेनलकडून खेळली होती. तिने 2017 मध्ये लंडन सोडून चीनमधलं डालियान गाठलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पुरुष खेळाडू पैशासाठी गेला की त्याला व्यवहार कळतो म्हणायचं आणि बाई गेली की तिचं करिअर संपलं म्हणायचं, ही रीत जुनीच. चीनमध्ये पगार होता आणि रोज मैदानात उतरायला मिळत होतं. 2019 मध्ये बार्सिलोनाने तिला बोलावलं. त्याच वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने ल्याँविरुद्ध गोल केला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल करणारी ती पहिली आफ्रिकी. शिक्षण सोडून फुटबॉल खेळायला तिच्या आईवडिलांचा विरोध होता, पाठीशी उभी राहिली ती आजी. ओशोआला सहा वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

चीनमार्गे गेलेली ती एकटी नाही. झांबियाची बार्ब्रा बांडा शांघायकडून खेळली, मलावीची टेम्वा चाविंगा वुहानकडून. दोघी आज अमेरिकेत आहेत. टेम्वाने 2024 मध्ये तिथल्या लीगमध्ये 20 गोल केले, बांडाने त्याच वर्षी अंतिम सामन्यातला एकमेव गोल करून ऑर्लँडोला विजेतेपद मिळवून दिलं. बांडाच्या वाट्याला वेगळाच छळ आला. 2022 च्या आफ्रिका चषकातून तिला संप्रेरकांच्या निकषांवरून बाहेर ठेवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी ती विश्वचषकात खेळली. अशाच निकषांवरून अडवली गेलेली आपली धावपटू द्युती चंद ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडचा प्रश्न. गोल करायला युगांडा आणि घानाच्या बाया आणल्या तर आपल्या स्ट्रायकर घडणार कशा, अशी ओरड होते. ती अगदीच खोटी नाही. पण गोकुलमकडून खेळणाऱ्या फाझिलाला अडवायला समोर कोण उभं असायचं? ईस्ट बंगालची आणि भारताची बचावपटू स्वीटी देवी आणि तिच्यासारख्या इतर जणी. अंगाने दणकट आणि वेगाने पळणाऱ्या स्ट्रायकरला लीगमध्ये रोखायची सवय लागली, तर ती देशाच्या सामन्यातही उपयोगी पडणारच. 5 जुलै 2025 ला भारताने थायलंडला त्यांच्याच चिआंग माईत 2-1 ने हरवून आशियाई चषक गाठला. पात्रता फेरी खेळून तिथवर पोचण्याची ही पहिलीच वेळ. याचं श्रेय परदेशी खेळाडूंना द्यावं असं नाही, पण त्यांनी वाटोळं केलं असं म्हणायलाही जागा उरत नाही.

फरक आहे तो भारतीय आणि परदेशी खेळाडूंच्या हिशेबात. भारतीय मुलगी फुटबॉल खेळते ती पुष्कळदा रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या नोकरीवर डोळा ठेवून. त्यात गैर काही नाही, कारण लीगचा पैसा तुटपुंजा. प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजार रुपये द्यावेत, असा नियम फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये केला. म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत. फाझिलाच्या मागे अशी कुठलीच नोकरी उभी नाही. गोल झाले तर पुढचा करार, नाहीतर घरचं तिकीट.

आणि महाराष्ट्र? 2017 च्या पहिल्या लीगमध्ये एफसी पुणे सिटीचा संघ होता. पुढे कोल्हापूरचा आला, मुंबईचे आले. फाझिलाने 24 गोल केले त्या मोसमातल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईतही झाले, नायजेरियाच्या पोरींनी तिथेच अमेरिकेला घरी पाठवलं आणि जर्मनीला हरवून तिसरा क्रमांक घेतला. स्टेडियम आहे, विश्वचषक भरवण्याइतकं आहे. पण वऱ्हाडातल्या मुलीला पगार घेऊन फुटबॉल खेळायचं असेल, तर तिलाही फाझिलासारखंच बंगळुरू, भुवनेश्वर नाहीतर कोलकाता गाठावं लागतं.