व्हॉल्व बदलताय? आधी पाईपला दोरा गुंडाळा

उन्हाळ्यात बागेला पाणी पुरेना झाले की आपण विहिरीत डोकावतो. त्याआधी एकदा गळक्या व्हॉल्वपाशी बसा. खाली १५ लिटरची बादली लावा. पाच मिनिटांत ती भरली, तर तासाला १८० लिटर पाणी वाया गेले. म्हणजे ताशी ४ लिटरच्या ४५ ड्रीपरचे पाणी बांधावरच मुरले! सायकलची ट्यूब गुंडाळून हे थांबत नाही. व्हॉल्व बदलावाच लागतो, आणि ते काम घरच्या घरी होते.

घोळ होतो तो मापात. आपण सरसकट ‘दोन इंची’ म्हणतो. शेतातल्या पीव्हीसी पाईपचे माप बाहेरच्या व्यासावरून, मिलिमीटरमध्ये असते. तिथे दोन इंची म्हणजे ६३ मि.मी. घराच्या नळकामाचा यूपीव्हीसी पाईप मात्र दोन इंचीच म्हणवतो, पण बाहेरून ६०.३ मि.मी. भरतो. जी.आय.चेही तसेच.

यात मी स्वतः फसलो आहे. एका डाळिंबाच्या बागेत मीच मालकांना सांगितले, “भाऊ, दोन इंची बॉल व्हॉल्व घेऊन या.” आला तो नळकामाचा. ६३ चा पाईप त्यात जाईना. रात्रीची वीज, दुकाने बंद, जुना व्हॉल्व कापून टाकलेला. ती पाळी बुडाली. भाऊ काही बोलले नाहीत, पण चूक माझीच होती.

म्हणून जुन्या पाईपचा वीतभर तुकडा सोबत न्या. त्यावरची अक्षरे पुसली असतील तर दोऱ्याने घेर मोजा. १९८ मि.मी. आला तर पाईप ६३ चा, २३६ आला तर ७५ चा, २८३ आला तर ९० चा. १८९ च्या आसपास आला तर तो नळकामाचा किंवा लोखंडी समजा. काळा एचडीपीई पाईप असेल तर सोल्यूशनच्या नादी लागू नका, ते त्याला धरत नाही. त्याला कॉम्प्रेशन फिटिंग लागते.

कामाला लागण्यापूर्वी स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा आणि लाईनमधले पाणी सोडून द्या. पाईप सरळ कापा, कानशीने कडा घासा, पुसून कोरडा करा. सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा, पाईप पूर्ण आत ढकलून थोडा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी मोटार चालू करण्याची घाई नको.

लोखंडी पाईपला जोडायचे असेल तर प्लास्टिकचे बाहेरचे आटे लोखंडाच्या आत जातील असा अडॉप्टर घ्या. उलट केले तर प्लास्टिक तडकते. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने घट्ट होतात त्याच दिशेने चार-पाच वेढे गुंडाळा. पाईप पान्याने जोर काढू नका. हाताने घट्ट झाल्यावर थोडासा पिळा पुरे. चार पैसे जास्त पडले तरी युनियनवाला व्हॉल्व घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी पाईप कापावा लागत नाही.

गावच्या नळयोजनेच्या व्हॉल्वला मात्र हात लावू नका, ते पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे काम. ग्रामपंचायतीने प्रत्येक व्हॉल्वचे माप व पाईपचा प्रकार वहीत लिहून ठेवला तर त्याचीही एक फेरी वाचेल.

बॉल व्हॉल्व चालू पाण्यात एकदम बंद केला की लाईनला धक्का बसून सांधे निखळतात. आधी दुसऱ्या प्लॉटचा उघडा, मग हा सावकाश बंद करा.