पुस्तकातून प्रोग्रॅमिंग शिकताना

औरंगपुऱ्याच्या बाजारात वह्या-पुस्तकांच्या खरेदीला आलेल्या इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्याने ‘सी’ भाषेचं पुस्तक मागितलं, की दोन नावं सहज निघतात: नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आणि ई. बालगुरुसामींचं पुस्तक. दोन्ही इंग्रजीत, मराठी माध्यमातून आलेल्याला आधी भाषेचीच धास्ती.

या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे कर्निहॅन आणि रिची यांचं ‘सी’वरचं १९७८चं पुस्तक. पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवणारा पहिला धडा त्यानेच रूढ केला.

अशी पुस्तकं नुसती वाचून भागत नाही. ‘सी’मध्ये ५ भागिले २ करून पाहा, उत्तर येतं २! दोन्ही संख्या पूर्णांक असल्या, की उत्तरातला अपूर्णांक गळतो. ५ऐवजी ५.० लिहिलं, की २.५ मिळतं. हा नियम पाठ केला तर परीक्षेपुरता टिकतो. स्वतः टंकून, चुका करून कळला, की विसरत नाही.

म्हणून प्रत्येक उदाहरण चालवण्याआधी उत्तर वहीत लिहावं, मग पडद्याशी ताडून पाहावं. फरक पडला, तिथेच धडा सुरू होतो.