मीटर शहाणा झाला, पण व्यवस्थेचे काय?

३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेत, देशाची विजेची मागणी २५० गिगावॉट या तोवरच्या उच्चांकाला पोहोचली. अशा दिवसांसाठी नवी वीजकेंद्रे उभारणे हा एक मार्ग. मागणीचीच वेळ बदलणे हा दुसरा. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि त्याचे तंत्रज्ञानही उपलब्ध आहे. इंटरनेटच्या जुन्या रचनेत जेमतेम ४३० कोटी पत्ते होते. नव्या आयपीव्ही६ रचनेत प्रत्येक मीटरला, पथदिव्याला आणि पंपाला स्वतंत्र पत्ता देता येतो.

सरकारने या दिशेने पावले उचलली आहेत. २०१५च्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमातून सव्वा कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. २०२१च्या वीज वितरण सुधारणा योजनेने मार्च २०२५पर्यंत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती मुदत उलटली, काम मात्र अपुरेच राहिले. २०२३च्या नियमांनुसार सौरऊर्जा मुबलक असताना वीज १० ते २० टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या वेळी तेवढीच महाग करायची आहे.

परंतु मीटर वीज वाचवत नाही. तो केवळ मोजतो. बचत होते ती त्या मोजणीवरून कोणी निर्णय घेतला तर. पंखा आणि दोन दिव्यांवर भागवणारे कुटुंब संध्याकाळचा वापर दुपारकडे कसा ढकलणार? महापालिका मात्र ते करू शकते. पाणी उपसणारे पंप भर दुपारी चालवून जलकुंभ भरून ठेवले, तर तोच जलकुंभ शहराची बॅटरी ठरतो. सरकारी कार्यालये आणि मोठी व्यापारी संकुले यांच्या वातानुकूलनालाही हाच न्याय लावता येईल. म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी, असे मला वाटते.

घरगुती ग्राहकाबाबत दोन गोष्टी अनिवार्य आहेत. शिल्लक संपताच पूर्वसूचनेविना अंधार होता कामा नये. शिवाय, दर अर्ध्या तासाची नोंद घरात कोण केव्हा असते, हेही सांगून जाते. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा इथे कागदावर राहून चालणार नाही.

ज्या यंत्रणेवर नागरिकांचा विश्वास नाही, ती कितीही प्रगत असली तरी त्यांना ती वसुलीचेच साधन वाटेल. ऊर्जाबचतीत त्यांना सहभागी करून घ्यायचे, तर बचतीतला वाटा आधी त्यांच्या बिलात दिसला पाहिजे.