दोन आजार, एक माणूस : आधी कोणती गोळी?



गेल्या वर्षी बार्शीतल्या एका वस्तीतून एक आई आमच्याकडे आली. तिचा मुलगा २४ वर्षांचा, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसणारा. लहानपणापासून एका जागी न टिकणारा, वह्या हरवणारा, डोक्याने हुशार पण पेपर अर्धा सोडून उठणारा. एका डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असल्याचे सांगून मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू केली. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात मुलगा रात्री दोनच तास झोपू लागला, स्वतःचा क्लास काढायचा म्हणून कर्ज उचलून आला आणि अडवणाऱ्या भावाच्या अंगावर धावून गेला.

आम्ही विचारले, "याला आधी कधी असं झालं होतं का?" आई गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, पाच वर्षांमागं झालं होतं. सहा महिने गोळ्या चालल्या. पण आता त्याच्या लग्नाचं बघतोय, म्हणून डॉक्टरांना ते सांगितलं नाही."

दोष एकट्या आईचा नाही. त्या डॉक्टरांनी विचारले नव्हते. त्या घरी आमचे येणे-जाणे होते, तरी आम्हीही कधी विचारले नव्हते. म्हणून हे पान त्याच विषयावर.

दोन आजार वेगळे कसे ओळखायचे?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, चुळबुळ, उतावीळपणा. तो लहानपणीच, बारा वर्षांच्या आत दिसू लागतो आणि बारा महिने तसाच असतो. बायपोलर आजार मात्र झटक्यांनी येतो. कधी अनेक दिवस उन्माद : झोप नको, बोलणे थांबत नाही, पैसा उधळणे, आपण कोणीतरी मोठे आहोत असे वाटणे. कधी अनेक आठवडे खोल उदासी. मधल्या काळात माणूस बराचसा पूर्वीसारखा असतो. पहिला झटका बहुधा तरुण वयात येतो.

चंचलपणा दोन्हींत दिसतो, म्हणून गल्लत होते. आणि काही माणसांना दोन्ही आजार एकत्र असतात. या मुलाला तसेच होते.

गोळीने काय झाले?

मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांचे काम ते वाढवते. एडीएचडीत त्यामुळे लक्ष टिकते. पण ज्याला बायपोलरही आहे, त्याच्या मनाला आधाराचे औषध नसेल तर हीच गोळी उन्मादाला वाट करून देऊ शकते. बांध घालण्याआधी पाणी सोडले, तर रान वाहून जाणारच.

स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या आणि ही गोळी सुरू झालेल्या २,३०७ प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१७ साली छापून आला. मूड स्थिर ठेवणारे औषध न घेता ज्यांनी गोळी सुरू केली, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका जवळपास सात पट झालेला दिसला. ज्यांचे मूडचे औषध सोबत चालू होते, त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही.

म्हणजे गोळी वाईट नाही, क्रम चुकला. आधी लिथियम किंवा त्यासारख्या औषधाने मूड स्थिर करायचा. तो काही काळ स्थिर राहिला आणि तरीही लक्ष टिकत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ उत्तेजक गोळी कमी डोसने सुरू करून सावकाश वाढवतात. अॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधेही आहेत, पण त्यांच्यावरही असेच लक्ष ठेवावे लागते.

"ही नशेची गोळी तर नाही ना?"

वस्तीत हा प्रश्न हमखास येतो. पाचव्या शीलाची आठवण ठेवून विचारणारे उपासक-उपासिकाही आहेत. शंका रास्त आहे. या गोळीचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून कायद्याने ती शेड्यूल एक्समध्ये ठेवली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक मेडिकलवाल्याला दोन वर्षे जपावी लागते. ती विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पण आजारासाठी, ठरलेल्या मापात घेतलेले औषध म्हणजे नशा नव्हे. परीक्षेच्या रात्री जागायला मित्राकडून घेतलेली गोळी मात्र नशाच, आणि धोकाही.

घरच्यांनी काय करायचे?

गोळी सकाळी द्या. दुपारनंतर घेतली तर झोप उडते. भूक कमी होते, म्हणून आधी पोटभर खायला घाला. नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. घरात कोणाला हृदयविकार असेल किंवा कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

एक वही करा. रोज फक्त तीन गोष्टी लिहा : किती तास झोप झाली, किती चिडचिड झाली, कोणती गोळी घेतली. सलग दोन रात्री झोप तीन-चार तासांवर आली आणि तरीही माणूस ताजातवाना दिसला, तर उत्तेजक गोळीचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. मूडची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका. ती एकदम थांबली की आजार उलटतो.

लिथियम चालू असेल तर ठरल्याप्रमाणे रक्त तपासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका आणि न विचारता दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. जुलाब-उलटी, हात जोरात थरथरणे, तोल जाणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सांगायचे कोणाला?

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क दिला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तो मोफत आहे. त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. म्हणजे डॉक्टरांना सांगितलेले सोयरिकीच्या बैठकीत पोचत नाही. मुलीकडच्यांना अंधारात ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. पण ते बोलणे पुढचे. डॉक्टरांपुढचे बोलणे आज, आणि पूर्ण.

त्या मुलाची गोळी डॉक्टरांनी बंद केली, मूडचे औषध पुन्हा सुरू झाले. सात महिन्यांनी थोड्या डोसने दुसरी गोळी परत आली. आता झोपेची वही भाऊ लिहितो. मुलगा अभ्यासिकेत जातो आणि पेपर पूर्ण सोडवून उठतो. आणि पुढच्या तपासणीला आई निघाली, तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा केसपेपर तिने पेटीतून काढून स्वतः पिशवीत घातला.