मोटारसायकलच्या सफरीत मोबाइलला वीज मिळावी, गाडी मात्र अडू नये!

हरियाणातील मानेसर आणि आपले कोल्हापूर यांचा काय संबंध, असे कुणी विचारले तर चटकन उत्तर सुचणार नाही. पण ही दोन्ही गावे एकाच रस्त्यावर आहेत. दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ गुरुग्राम, मानेसर, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत पुढे बेळगाव, बेंगळुरूमार्गे चेन्नईला जातो. मोटारसायकलींशीही या रस्त्याचे जुने नाते आहे. १९८५ साली हिरो होंडाची पहिली मोटारसायकल याच रस्त्यावरच्या धारुहेड्यात तयार झाली. २००१ पासून मानेसरला होंडाचा दुचाकींचा कारखाना आहे. आणि इकडे, बजाजची स्कूटर ज्या आकुर्डीत घडली ती आकुर्डीही या रस्त्यापासून फार लांब नाही.

तिकडच्या कारखान्यांत नोकरीला असलेला एखादा मराठी तरुण दिवाळीला मोटारसायकलनेच पुण्याला यायचे ठरवतो, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पल्ला चौदाशे-पंधराशे किलोमीटरचा! आई बजावते, ‘‘दर दोन तासांनी फोन कर हं.’’ तो कबूलही होतो. पण दिवसभर नकाशा दाखवून दाखवून दुपारीच मोबाइल मान टाकतो. मग इकडे आईचा जीव टांगणीला, आणि तिकडे मुलगा धाब्यावर प्लग शोधतोय!

यावर उपाय म्हणून हल्ली बरेच जण गाडीच्या हँडलवर मोबाइल चार्जर बसवून घेतात. उपाय चांगला आहे. मात्र तो नीट समजून केला नाही तर मोबाइल चार्ज होतो आणि गाडीच बंद पडते.

वीज येते कुठून?

पुष्कळांचा समज असतो की गाडीची सगळी वीज बॅटरीतून येते. खरे तर बॅटरी ही घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी आहे, वीज तयार करण्याचे काम तिचे नाही. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक आणि त्याच्या आतली तांब्याच्या तारांची वेटोळी, ज्याला मेकॅनिक ‘मॅग्नेट कॉइल’ म्हणतात, ती वीज तयार करतात. रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा भाग ती बॅटरीला मानवेल अशी, साधारण १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. इंजिन वेगात फिरले की वीज भरपूर, आणि सिग्नलला गाडी घुरघुरत उभी असली की कमी. म्हणूनच गुरुग्रामच्या किंवा वाकडच्या कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीची बॅटरी मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीइतकी भरत नाही.

आता थोडा हिशेब करू. मोबाइलचा साधा चार्जर ५ व्होल्टवर २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॅट. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना थोडी वीज वाया जाते, ती धरून १२ वॅट समजा. जुन्या पद्धतीचा हॅलोजन दिवा एकटाच ३५ वॅट खातो. त्याच्या शेजारी चार्जर म्हणजे पाहुण्याच्या ताटातली एक जादा पोळी! गाडी चालू असताना ती सहज निभते. पण शोभेसाठी २०-२० वॅटचे दोन जादा दिवे, मोठा हॉर्न आणि वर दोन चार्जर लावले, तर खर्च मिळकतीच्या पुढे जाऊ शकतो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना कायम पेटलेला असतो, हेही हिशेबात धरा.

खरा धोका गाडी बंद असताना असतो. लहान मोटारसायकलची बॅटरी ४ अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात सुमारे ४८ वॅट-तास वीज मावते. हल्लीचा मोठा मोबाइल पूर्ण भरायला, गळती धरून, २०-२५ वॅट-तास लागतात. म्हणजे तुम्ही जेवायला बसलात आणि मोबाइल बंद गाडीवर चार्जिंगला लावला, तर जवळपास अर्धी बॅटरी त्यातच गेली! उरलेल्या विजेवर स्टार्टर फिरेलच असे नाही. पूर्वी अशा वेळी किक मारून भागायचे. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले, कित्येकींची किक गेली, आणि इंधनाचा पंपही विजेवरच चालतो. बॅटरी पार उतरली तर धक्का देऊनही अशी गाडी बऱ्याचदा सुरू होत नाही.

चार्जर बसवताना

● चार्जरची जोडणी किल्लीच्या स्विचमधून जाणारी हवी. किल्ली बंद की चार्जर बंद. यासाठी रिले वापरणे उत्तम.

● बॅटरीच्या धन टोकाजवळच ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज मोबाइलसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर घासून चेसिसला टेकली तर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर वायर तापते, आणि वरच पेट्रोलची टाकी असते!

● हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वायर ताणली किंवा चेपली जाता कामा नये. सायलेन्सर आणि इंजिनापासून ती लांब ठेवा.

● नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पहिल्या पावसात दगा देते. जोडणी पक्की दाबलेली आणि वरून नळीने झाकलेली असावी. चार्जरच्या तोंडाला रबरी झाकण हवेच.

● बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढा, जोडताना ते शेवटी लावा.

● नवी गाडी असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. मूळ वायर कापल्यास वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंगची सोय कारखान्यातूनच येते.

मानेसरच्या ‘आयकॅट’ किंवा पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांमध्ये वाहने आणि त्यांचे सुटे भाग तपासले जातात. हादरे, उष्णता, पाणी यांत भाग टिकतो का, हे तिथे पाहतात. फुटपाथवरच्या स्वस्त चार्जरची अशी परीक्षा कुणी घेतलेली नसते.

काम झाल्यावर मेकॅनिकला मल्टिमीटर लावायला सांगा. विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात, दिवे आणि चार्जर चालू असताना आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावा. तेरापेक्षा खाली राहिला तर भार जास्त आहे किंवा चार्जिंगमध्ये दोष आहे. पाच मिनिटांचे काम, पण प्रवासाआधी केलेले बरे.

पॉवर बँक बरी की चार्जर?

दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला चांगली पॉवर बँक पुरते. गाडीच्या वायरला हात लावावा लागत नाही आणि रात्री मुक्कामाला ती भरून घेता येते. मात्र बीआयएसची नोंदणी असलेलीच घ्या. राजस्थानच्या उन्हात ती टाकीवरच्या काळ्या बॅगेत ठेवू नका. कपड्यांच्या आत, सावलीत ठेवा. उलट लडाखच्या थंडीत शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला अपायकारक असते. तिथे मोबाइल अंगालगतच्या खिशात ठेवून, ऊब मिळाल्यावर चार्ज करावा. लॅपटॉपसारख्या मोठ्या भुकेच्या वस्तू गाडीवर चार्ज करण्याच्या फंदात पडू नये.

हँडलवर मोबाइल लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या इंजिनांच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा २०२१ साली अ‍ॅपल कंपनीनेच दिला होता. हादरे शोषणारा स्टँड घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून इअरफोनशिवाय, थांबून थांबून रस्ता पाहा. कायद्यानेही फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही, अशाच रीतीने करायचा आहे.

घरच्यांसाठी दोन शब्द

गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे घरच्यांनीही मान्य करायला हवे. निघण्याआधी थांबण्याची गावे आणि अंदाजे वेळा कागदावर लिहून घ्या : जयपूर, उदयपूर, अहमदाबाद. दोन-चार महत्त्वाचे नंबर मुलाच्या पाकिटातही कागदावर असू द्या. मुक्कामी पोहोचल्यावर आधी घरी फोन, मग चहा, असा नियम करा. दोन तास फोन आला नाही तर घाबरून लागोपाठ वीस वेळा फोन लावू नका. प्रत्येक वेळी वाजणारा फोन त्याची बॅटरीही खातो आणि रस्त्यावरचे लक्षही ओढून घेतो.